बायकोच्या फेऱ्या

३, मंगळवार

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर बायको कठड्याला धरून थांबली आणि म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी येते हळूहळू." मी थांबलो. चक्कर येणाऱ्या माणसाला जिन्यात एकटं सोडत नाहीत. आम्ही पाचव्यावर राहतो. मग उरलेले तीन मजले बरोबरच उतरलो. लिफ्ट आहे, पण जिना तिनेच निवडला. डॉक्टरीणबाईंनी पायांना व्यायाम सांगितलाय म्हणाली.

चार वाजून पाच मिनिटांनी बागेत. घरापासून सातशे पावलं. अकरा वर्षं इथे राहतो, आत कधी गेलो नव्हतो. मधे तळं, तळ्याभोवती मातीची पायवाट, एका अंगाला टेकाड आणि त्यावर जायला दगडी पायऱ्या. एक फेरी म्हणजे पाचशे चाळीस पावलं. बायकोने दोन फेऱ्या केल्या. मी बरोबर होतो.

वही नवीन आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोज थोडं लिहा. किती चाललात, झोप कशी झाली, काय वाटलं. बायकोला लिहायचा कंटाळा, म्हणून मी लिहितो. बायको वाचणार नाही. डॉक्टरीणबाईही वाचणार नाहीत. मग लिहायचं कशाला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "लिहून तर बघा."

एक नियम केला आहे. या वहीत घडून गेल्यावरच लिहायचं. आधी काही भरून ठेवायचं नाही.

४, बुधवार

बायकोची झोप. दहाला पडली. एकला शांत. दोनला कूस बदलली. साडेतीनला शांत. सव्वाचारला शांत. पाचला उठली. वाईट नाही.

फेऱ्या दोन. काय वाटलं ते विचारलं. "बरं वाटलं," म्हणाली. "आणि तुम्हाला?"

म्हटलं, माझं काय.

६, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंकडे. खोली लहान, खिडकीत एक कुंडी, भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे. बाई हुशार असतील, पण पद्धत विचित्र आहे. सगळे प्रश्न मला. भूक लागते का, सकाळी उठावंसं वाटतं का, एखादं काम करताना मधेच हात थांबतात का. बायकोचे हात थांबतात की नाही हे मी कसं सांगणार? मला आठवेल तसं सांगत गेलो. बायको शेजारी बसून कुंडीकडे बघत होती. एकदाही मधे बोलली नाही. दुखणं तिचं.

निघताना कागद दिला. घरी येऊन नीट वाचला. गोळी एकच, झोपण्याआधी अर्धी. रोज एक तास मोकळ्या हवेत. बायको म्हणते गोळी दोघांनी अर्धी अर्धी घ्यायची, म्हणजे ती एकटीच आजारी आहे असं तिला वाटणार नाही. तिच्यासाठी घेतो.

कागदावर वय चोपन्न लिहिलंय. चोपन्न मी. बायको एकोणपन्नास. अशा चुका होऊ नयेत. पुढच्या वेळी दुरुस्त करून घ्यायचं.

९, सोमवार

फेऱ्या तीन.

बायकोला म्हटलं, चारला ऊन असतं, सहाला जाऊ. "सहाला डास असतात," म्हणाली. शनिवारी सहाला गर्दी असते म्हणाली होती. शुक्रवारी सहाला पाणी येतं म्हणाली होती. पाणी आमच्याकडे दिवसभर असतं.

तिसऱ्या फेरीनंतर ती बाकावर बसली. समोर झोपाळे. दोन मुलं झोका घेत होती. डावीकडच्या झोपाळ्याच्या साखळीचा आवाज ऐकला. वरच्या कडीतला बोल्ट ढिला होता. मुलं उतरल्यावर जाऊन बघितलं. हाताने दोन आटे फिरला. हाताने फिरतो म्हणजे गोष्ट बरी नव्हे.

मागून आवाज आला. "काय शोधताय, भाऊ?"

माळीणबाई. पन्नाशीची, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात कात्री.

म्हटलं, "याचा बोल्ट ढिला आहे."

"गेल्या वर्षापासून अर्ज देतेय. तुम्ही त्यांच्यातले का?"

"कुणातले?"

"अर्ज घेऊन ठेवणाऱ्यांतले."

नाही म्हटलं. खिशात सतरा नंबरचा पाना होता. कोटाच्या आतल्या खिशात तो तसाच राहिला होता, चार महिने. मला माहीत नव्हतं असं लिहिणार होतो. माहीत होतं. काढला आणि बोल्ट कसला. मग पाना पुसून परत आतल्या खिशात ठेवला.

बायको बाकावरून बघत होती. हसत होती की उन्हाने डोळे बारीक केले होते, कळलं नाही.

१०, मंगळवार

सकाळी अंघोळीला वेळ लागला. नळ सोडून स्टुलावर बसलो होतो, बादली भरून वाहत होती. किती वेळ ते लिहीत नाही, कारण बघितलं नव्हतं. बायकोने दार वाजवलं. "अहो, मला चक्कर येतेय, लवकर बाहेर या." टॉवेल गुंडाळून धावलो. ती स्वयंपाकघरात उभी होती, सुईत दोरा ओवत. पहिल्याच प्रयत्नात ओवला. म्हणाली, गेली चक्कर, तुमचा शर्ट द्या, बटण लावायचंय.

तिच्या चकरांना काही वेळापत्रक नाही. पण मी कुठे फार वेळ बसलो की येतात, असं दिसतं. डॉक्टरीणबाईंना सांगण्यासारखं आहे.

फेऱ्या तीन.

१२, गुरुवार

मुलीचा फोन. ती दूर राहते, रविवारी करते. आज गुरुवार.

"बाबा, आई कशी आहे?"

"बरी आहे. तीन फेऱ्या करते."

"आणि तुम्ही?"

"मी बरोबर असतो."

"बाबा, बागेत काय काय आहे?"

तिला सांगितलं. तळ्यात सात बदकं आहेत, त्यातलं एक कायम उलट्या दिशेने पोहतं. पाण्याकाठच्या झाडाच्या साली कागदासारख्या सुटतात. टेकाडाला अठरा पायऱ्या आहेत, सारख्या उंचीच्या नाहीत. चौथी सगळ्यात उंच. एक म्हातारे गृहस्थ रोज तेच वर्तमानपत्र आणतात, तारीख मी बघितली आहे. लाइन गेली वाटलं.

"आहेस ना?"

"आहे, बाबा. सांगा ना अजून."

बावीस मिनिटं बोललो. फोन ठेवल्यावर घसा कोरडा पडला होता. एवढं बोलण्याची सवय राहिली नाही.

१३, शुक्रवार

माळीणबाईंच्या हातगाडीचं चाक किंचाळतं. काल ते ऐकून आज तेलाची कुपी नेली. घरात होती. हत्यारांची पेटी उघडावी लागली. पेटी पलंगाखाली होती. बाहेर ओढताना बायकोने कणीक मळायचं थांबवून बघितलं, मग पुन्हा मळायला लागली.

चाक काढलं, पुसलं, तेल घातलं, बसवलं. माळीणबाईंनी गाडी दहा पावलं ढकलली आणि परत आणली.

"आता मी आलेली कुणाला कळणार नाही," त्या म्हणाल्या. "झाडाखाली सिगारेटी ओढणारे पकडायचे होते, बरं झालं. तुम्ही कामाला कुठे?"

"लिफ्ट दुरुस्त करतो."

"मग इथे काय करताय रोज?"

"बायकोला आणतो. तिला बरं नाही."

माळीणबाईंनी बायकोकडे बघितलं. ती तळ्याच्या पलीकडे होती, बदकांच्या मागे मागे, चांगलीच भराभर.

"हो," माळीणबाई म्हणाल्या. "दिसतंच आहे."

परत येताना पायवाटेवर खुणा दिसल्या. सकाळी पाणी मारलं होतं, माती मऊ होती, त्यामुळे कालच्या संध्याकाळच्या खुणा वाळून राहिल्या नव्हत्या. या आज सकाळच्या असाव्यात. उजवा बूट खोल उमटलेला. डावा नुसता टेकलेला, पुढे फरपटल्याची रेघ. उजव्या बाजूला एक गोल भोक. कुबडीचं. कडेला धातू लागल्याचा ओरखडा. म्हणजे टोकाचं रबर झिजून फाटलं आहे. अशी कुबडी दगडी पायरीवर घसरते.

जास्त बघितलं नाही.

१४, शनिवार

रात्री बायको कशी झोपली ते सांगता येत नाही. मला एकदम साडेपाचला जाग आली.

१६, सोमवार

आज लिहायला हवं. नियम घडून गेल्यावर लिहायचा आहे, आणि हे घडून चार महिने झाले.

आम्ही दोघं एकत्र काम करायचो. मी आणि माझा जोडीदार. बावीस वर्षं. मी वर मशीन रूममध्ये, तो खाली शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यात. लिफ्ट हलवण्याआधी वरच्याने शाफ्टमध्ये तोंड घालून हाक मारायची, "खाली कोण?" खालच्याने म्हणायचं, "मी." मग वरून, "मोकळं?" खालून, "मोकळं." त्यानंतर बटण. कंपनीत सगळ्यांना हे शिकवतात, आणि सगळे दोन वर्षांत सोडून देतात. आम्ही सोडलं नव्हतं. वर रजिस्टर असतं, त्यात या उत्तराचा एक रकाना आहे. उत्तर आलं की टिक.

रजिस्टर माझ्याकडे. अक्षर चांगलं, म्हणून जोडीदार मला हेडमास्तर म्हणतो. म्हणायचा.

सात-आठ वर्षांपूर्वी मी सकाळी चहा पितानाच दिवसभराच्या टिका करून ठेवायला लागलो. वर तेलाचे हात, पान मळतं. स्वच्छ पान राहावं, एवढंच कारण. हाक मारतच होतो. टिक आधी, हाक नंतर. उत्तर तर रोज तेच.

त्या दिवशी पान उघडलं, टिक दिसली, आणि मी बटण दाबलं.

काउंटरवेट, म्हणजे लिफ्टच्या तोलाचं वजन, खाली उतरलं. त्याचा डावा पाय. आवाज आला तो लिफ्टचा नव्हता.

चौकशीत जोडीदाराने दवाखान्यातून लिहून दिलं की हाक आली होती, त्याने "मोकळं" म्हटलं होतं, आणि मग विसरलेला पाना घ्यायला तो परत वाकला. सुरक्षा अधिकाऱ्यांनी मला ते वाचून दाखवलं. म्हणाले, रजिस्टरमध्येही टिक आहे, जुळतंय. चूक कुणाचीच नाही असं ठरलं. मी मान हलवली असं त्यांनी नोंदवलं. हलवली असेन.

दवाखान्यात गेलो नाही. त्याच्या घरीही गेलो नाही. रजा पंचवीस तारखेपर्यंत आहे. त्या दिवसापासून लिफ्टमध्ये पाऊल टाकलेलं नाही, आणि बायकोला जिना आवडतो हे माझ्या पथ्यावर पडलं.

फेऱ्या चार. लिहून झाल्यावर भूक लागली. असं का व्हावं, माहीत नाही.

१७, मंगळवार

माळीणबाईंना विचारलं, कुबडी घेऊन कोण येतं.

"सहाला येतो एक जण. कधी सकाळीही. बायको असते बरोबर. पायऱ्या चढायच्या म्हणून हट्ट. टेकाडाला शिव्या देतो, पायऱ्या बांधणाऱ्याला शिव्या देतो, बदकांनासुद्धा सोडत नाही."

"काय म्हणतो बदकांना?"

"त्या उलट पोहणाऱ्याला म्हणतो, हा युनियनचा दिसतोय."

मी हसलो. आवाज मोठा आला. बायकोने वळून बघितलं.

पेटीत रबरं होती, मशीनच्या पायांना लावतो ती. त्यातलं एक कुबडीला बसेल असं वाटलं. भोकावरून अंदाज घेतला होता. माळीणबाईंकडे दिलं. म्हटलं, त्यांना द्या, टोकाचं फाटलंय.

"कुणी दिलं सांगू?"

"काही सांगू नका. सापडलं म्हणा."

"मला सापडलेली वस्तू मी लोकांना वाटत नाही, भाऊ. बरं, देते."

फेऱ्या चार. काय वाटलं: लिहिता येत नाही.

१८, बुधवार

गेटमध्येच माळीणबाई उभ्या होत्या. रबर खिशातून काढून दाखवतील असं वाटलं. रिकामे हात.

"दिलं तुमचं. फिरवून फिरवून बघितलं त्याने. मग म्हणाला, एक नंबर मोठं आहे. हेडमास्तरांना सांगा, कागद गुंडाळून बसवलंय."

मी गेटच्या बिजागरीकडे बघितलं.

"हेडमास्तर तुम्हीच ना? त्याने विचारलं, देणारा कसा दिसतो. मी म्हटलं, बायकोला फिरायला आणतो असं सांगतो. तो म्हणाला, मग तोच."

बायकोला म्हटलं, घरी जाऊ. एकही फेरी झाली नाही.

१९, गुरुवार

बायकोची झोप. दहाला पडली. बाराला शांत. सव्वाला पाणी प्यायली. अडीचला शांत. साडेतीनला डोळे उघडे होते, माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "झोपा ना." चारला शांत.

दिवसभर बाहेर गेलो नाही. पलंगाखाली पेटी पुन्हा आत सरकवली. तिने चारला विचारलं, चलायचं? नाही म्हटलं. तिला चक्कर आली नाही. नुसती दारात उभी राहिली.

पावणेसहाला ती एकटीच गेली. खिडकीतून बघितलं. रस्ता वळेपर्यंत एकदाही थांबली नाही, कशाला धरलं नाही, समोरून सायकल आली तर टुणकन बाजूला झाली. चक्कर येणाऱ्या माणसाच्या मानाने फारच चपळ. सव्वासातला परत आली. चपलांना पायवाटेची माती. मी विचारलं, डास होते? "नव्हते," म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

तिला मी काही काळ नीट बघितलं नव्हतं. कानामागचे केस पांढरे झालेत. चार महिन्यांपूर्वी नव्हते असं वाटतं. खात्री नाही, आणि ही नोंद कुठे सापडणार?

२०, शुक्रवार

झोप. बाराला, दोनला, तीनला, चारला. सगळं शांत. ती शांत होती.

फेऱ्या नाहीत.

दुपारी वाटलं, बाग या वेळी कशी दिसत असेल. ते उलटं बदक. कागदासारखी साल. झोपाळ्याचा बोल्ट पुन्हा ढिला झाला असेल तर कोण बघणार? असं काही वाटून बरेच दिवस झाले होते. पण उठलो नाही.

२२, रविवार

मुलीचा फोन. "बाबा, बाग कशी आहे?"

"दोन-तीन दिवस गेलो नाही."

"का?"

"आईला बरं नव्हतं," म्हटलं.

स्वयंपाकघरात भांडं जोरात आपटलं. बायको बाहेर आली, माझ्या हातातून फोन घेतला आणि मुलीला म्हणाली, "मला काही झालेलं नाही. ठणठणीत आहे मी. नंतर करते तुला." फोन ठेवला. मग माझ्याकडे वळली.

"त्याच्या बायकोशी मी रोज बोलते," ती म्हणाली. "चार महिने. तो विचारतो, हेडमास्तर जेवतो का. मी काय सांगू?"

"काय सांगतेस?"

"जेवतो म्हणते. दोन घास."

"तुला चक्कर—"

"येते. तुम्हाला बघून येते."

एवढं बोलली आणि खुर्चीवर बसली. रडली नाही. पदराने टेबल पुसायला लागली, जिथे काही सांडलं नव्हतं. मी तिच्यासमोर बसलो. तिचा हात टेबलावर होता. त्यावर हात ठेवला. पुसायचं थांबलं.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "चारला जाऊ उद्या. तो सहाला येतो. तुमची गाठ पडणार नाही. मी सांभाळून घेईन."

२३, सोमवार

चारला गेलो. फेऱ्या तीन. बोल्ट घट्ट आहे. पायवाटेवर कुबडीची नवी खूण. भोक गोल, काठ स्वच्छ, धातूचा ओरखडा नाही. मधे बारीक सुरकुत्या, आत कागद गुंडाळल्यामुळे रबर थोडं वाकडं बसलं आहे. हे असं टिकणार नाही.

त्या खुणेपाशी उभा राहिलो. बायको चार पावलं पुढे जाऊन थांबली. मागे वळून बघितलं नाही, नुसती थांबली.

घरी येऊन पेटी ओढली. एक नंबर लहान रबर शोधलं. होतं.

बायकोला म्हटलं, उद्या सहाला जाऊ.

"डास असतात," ती म्हणाली.

"असू देत."

२४, मंगळवार

सहाला गेटमध्ये. माळीणबाई वाफ्यात बसल्या होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "आज वेळ चुकली वाटतं, भाऊ."

टेकाडाच्या पायथ्याशी बाकावर जोडीदाराची बायको होती. माझ्या बायकोने तिच्या शेजारी जाऊन पिशवी ठेवली, आणि दोघी काल सोडलेलं बोलणं पुढे चालू केल्यासारखं बोलायला लागल्या. वहिनींनी माझ्याकडे बघून मान हलवली. रागाने नाही. म्हणाल्या, "वर आहे. गेला चढून, आता उतरताना नखरे करतोय."

तो वर उभा होता. बारीक झाला आहे. दाढी वाढवली आहे. कुबडी उजव्या हातात, डावा पाय पुढे टेकलेला. मला बघितलं. मी पायऱ्यांपाशी थांबलो. वर जावं की नाही ते कळेना.

तो सगळ्यात वरच्या पायरीच्या कडेला आला आणि थांबला. मग वाकून, शाफ्टमध्ये मारतात तशी हाक मारली.

"खाली कोण?"

झोपाळ्यावरची मुलं थांबली. माझे ओठ हलले असतील. आवाज आला नाही.

"मी आहे खाली," वाफ्यातून माळीणबाई ओरडल्या.

"तुम्हाला नाही विचारलं, बाई. तुम्ही गवत काढा."

तो थांबून राहिला. उतरला नाही, पुन्हा हाकही मारली नाही. कुबडीवर भार देऊन नुसता वाट बघत राहिला. हात थकला असणार. बाकावरच्या दोघी बोलायच्या थांबल्या. म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र खाली करून बघत होते. किती वेळ गेला ते लिहीत नाही. बघितलं नव्हतं. मला एवढंच कळलं की उत्तर आल्याशिवाय तो हलणार नाही. अंधार पडला तरी नाही.

"मी," म्हटलं.

"कोण?"

"मी रे."

"मोकळं?"

मान हलवणार होतो. मग पायऱ्या बघितल्या, खालपासून. चौथीवर ओला पाला पडला होता, सगळ्यात उंच पायरीवर. तिच्यापर्यंत चढलो, पाला हाताने बाजूला काढला, पायरी बाहीने पुसली. वरच्या चौदाही बघितल्या, चढून जाऊन, त्याच्या पायापर्यंत. त्याला नेहमीचा तंबाखूचा वास येत होता. परत खाली आलो आणि वर बघून म्हटलं, "मोकळं."

तो उतरला. कुबडी, डावा, उजवा. एकेक पायरी. शेवटच्या पायरीवर मी हात पुढे केला. त्याने कुबडी माझ्या हातात दिली आणि स्वतः कठडा धरून उतरला.

बाकावर बसलो. बायकांनी उठून जागा दिली आणि तळ्याकडे गेल्या. मी जुनं रबर काढलं, आतला कागद काढला, नवं बसवलं. त्याने कुबडी जमिनीवर दोनदा ठोकली.

"आता बसलं," म्हणाला. "आधी मापात घ्यायला काय होत होतं?"

"मातीवरून अंदाज घेतला होता."

"मातीवरून." तो बदकांकडे बघत होता. "हाक मारली नव्हतीस."

"नाही."

"माहीत आहे मला. पाय गेला, कान नाही गेले."

"मग तसं का लिहून दिलंस?"

त्याने कुबडीचं टोक मातीत फिरवलं. "बावीस वर्षं ऐकली तुझी हाक. त्यातलीच एक सांगितली."

उलटं बदक समोरून गेलं. दोघांनी त्याला जाताना बघितलं.

"टिक आधीच केली होती," मी म्हटलं. "सात-आठ वर्षं करत होतो. पान स्वच्छ राहावं म्हणून."

"तेही माहीत होतं. चहा पिताना करायचास. मी समोरच तर बसायचो." त्याने पाय सरळ केला, तोंड वाकडं केलं. "मी तरी कुठे बोललो."

हे मला माहीत नव्हतं. अजूनही नीट कळलेलं नाही. पण लिहून ठेवतो.

"ती टिक खोडायला हवी," म्हटलं.

"खोडायला जाऊ नकोस. मिटलंय सगळं."

"जाणार आहे."

"जाशील. हेडमास्तर तो हेडमास्तर." मग म्हणाला, "मला विचारलं तर सांगेन, औषधांच्या गुंगीत होतो. काय बरळलो ते आठवत नाही."

सव्वासात झाले होते. वहिनींनी हाक मारली. तो उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवून, उठण्यासाठी लागतो त्यापेक्षा जरा जास्त वेळ.

फेरी एकही नाही. बायकोला विचारलं, काय वाटलं. ती म्हणाली, "तुमचं आधी सांगा."

बरं वाटलं, असं सांगितलं.

२५, बुधवार

रात्री बायको कशी झोपली ते सांगता येत नाही.

सकाळी डॉक्टरीणबाईंचा कागद पुन्हा बघितला. वय बरोबर आहे. दुरुस्त करायचं नाही.

लिफ्टने खाली आलो. बायको बरोबर होती. तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे तिने माझी बाही धरली, सोडली नाही. दुसऱ्या मजल्यावर दार थोडं उशिरा उघडतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं.

साडेनऊला कंपनीत गेलो. रजिस्टर मागवून घेतलं, पान काढलं, ती टिक एका रेघेने खोडली, शेजारी सही केली आणि आजची तारीख घातली. सुरक्षा अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पान बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, बसा.

बसलो.